फोन आमचं बोलणं ऐकतो काय?

प्रश्न : गेल्या रविवारी आम्ही खानापूरहून कोल्हापूरला गेलो, गाडीत मिसेस नुसती म्हणाली की कुकरची शिट्टी बिघडलीय, नवाच घ्यावा, आणि कोगनोळी टोलनाका ओलांडेपर्यंत माझ्या फोनवर कुकरची जाहिरात हजर! ताई, हे काय आहे ओ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : अहो, आधी एक सांगा, वहिनींनी सकाळी फोनवर शिट्टी शोधली नव्हती ना? बहुतेक शोधली असणार, घरात वायफाय एकच, मग जाहिरातवाल्यांना तुम्ही दोघं एका घरातले हे कळायला कितीसा वेळ लागतोय. माईक चोरून ऐकतो असा पक्का पुरावा मी तरी अजून बघितला नाही, आणि त्यांना त्याची गरज पण नाही की. शोधलेलं, लोकेशन, खरेदी, एवढ्यावर भागतंय त्यांचं. संशय असेल तर स्क्रीनच्या वर कोपऱ्यात बघा, अँड्रॉइड १२ पासून माईक चालू असला की हिरवी खूण दिसते. सेटिंगमध्ये जाऊन टॉर्चच्या ॲपला लोकेशन कशाला दिलंय तेपण बघा एकदा, माझ्या फोनात दिलं होतं, मलाच लाज वाटली.

आणि टोलनाक्यावर फास्टॅग वाजला की गाडी कुठं, किती वाजता गेली याची नोंद झालीच, त्याला आपण २०२१ पासून मुकाट मान डोलावतोय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं, तो खटला घालणारे पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश. कुकर मात्र घेऊ नका, नुसती शिट्टी बदला, बेळगावच्या गणपत गल्लीत विचारून बघा.