क्लुझला शिकायला येतेस? आधी इथलं वर्ष समजून घे

तुझं पत्र वाचलं. रोमानियातल्या या क्लुझ शहरात, बाबेश-बोयाई विद्यापीठात आधी एक वर्ष रोमानियन भाषेचं आणि मग एम.ए., असं तुझं ठरलंय. विभागाने पाठवलेली कार्यक्रमांची यादी बघून बाबा म्हणाले, "शिकायला चाललीस की नाचायला?" हे कार्यक्रम सक्तीचे असतात का, गुण मिळतात का आणि शाकाहारी मुलीचं तिथे कसं निभावतं, असं तू विचारलंस. पाच वर्षांपूर्वी मी याच वर्गात येऊन बसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या वेळी सक्ती नव्हती, गुणही नव्हते. तरी तू जाच. मला रोमानियन बोलता यायला लागलं ते वर्गात कमी आणि या कार्यक्रमांच्या तालमीत जास्त. ज्या सल्लागाराकडून मी आले, त्यांनी हे सगळं वेळ घालवणं आहे असं सांगितलं होतं. त्यांचं ऐकून मी पहिले दोन महिने वर्ग आणि खोली, खोली आणि वर्ग एवढंच केलं. त्या दोन महिन्यांत दुकानातल्या बाईंशी चार वाक्यंही धड बोलता येत नव्हती. ते दिवस मला अजून सलतात.

नोव्हेंबरअखेर भाषेच्या वर्गातल्या बाईंनी १ डिसेंबरच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिवसाच्या, कार्यक्रमासाठी एमिनेस्कु या कवीच्या चार ओळी माझ्या हातात ठेवल्या. पाठ करताना लक्षात आलं की आपल्या मराठी जिभेला ही भाषा तितकीशी परकी नाही. यांच्याकडे आपल्यासारखेच दोन च आहेत, एक चमच्यातला आणि एक चिमणीतला. आपला साधा अ त्यांच्याकडे आहे, त्याच्यासाठी रोमन a अक्षरावर छोटी वाटी काढतात. लिंगं तीन. आपण दोघे आणि दोघी म्हणतो तसा त्यांचाही दोन हा आकडा लिंगाप्रमाणे बदलतो: दोय आणि दोवअ. नपुंसकलिंग मात्र गमतीचं आहे, एकवचनात पुल्लिंगासारखं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं चालतं. एक खुर्ची तो, दोन खुर्च्या त्या! हे नियम मी वहीत कितीदा लिहिले होते, पण डोक्यात बसले ते तालमीत चुकून, सगळ्यांसमोर दुरुस्त होऊन.

कविता म्हणून मी मागे कोटांच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात होरा सुरू झाला. होरा म्हणजे गोल फेर धरून नाचायचं, कोपर वाकवून, हात खांद्याच्या उंचीला धरून. ग्रंथालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या एक वयस्कर बाई आल्या, काही न विचारता माझं मनगट धरलं आणि मला फेरात घेतलं. त्यांची बोटं थंडीने खरखरीत झाली होती, पकड मात्र घट्ट. पाय चुकला की त्या हाताला हलका हिसका देऊन सांगायच्या, आता उजवीकडे. दुसऱ्या दिवशी पुस्तक घ्यायला गेले तर त्यांनी मला नावाने हाक मारली. या शहरात मला नावाने हाक मारणारं ते पहिलं माणूस.

आता याच दिवसाची दुसरी बाजू, कारण ती तुला कुणी सांगणार नाही. १ डिसेंबर १९१८ रोजी आल्बा युलिया या गावी भरलेल्या सभेने ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे तोवर हंगेरीकडे असलेला आपल्या क्लुझचा हा प्रदेश, रोमानियात सामील झाल्याचं जाहीर केलं. रोमानियन लोकांसाठी हा राष्ट्रीय दिवस आहे. पण क्लुझला हंगेरियन लोक कोलोझवार म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ही तारीख गमावल्याची आहे. आपलं विद्यापीठसुद्धा १९५९ मध्ये रोमानियन बाबेश आणि हंगेरियन बोयाई ही दोन विद्यापीठं एकत्र करून झालेलं. मी बेळगावची. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन, हे लहानपणापासून बघत आले, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. हंगेरियन मैत्रिणीला १ डिसेंबरच्या शुभेच्छा देऊ नकोस. १५ मार्चला मात्र ती छातीवर लाल-पांढरी-हिरवी फीत लावून येईल, १८४८च्या हंगेरियन क्रांतीची आठवण म्हणून. तेव्हा तिला त्याबद्दल आवर्जून विचार.

जानेवारीत १५ तारखेला एमिनेस्कुचा जन्मदिवस असतो, तोच संस्कृती दिन. १८५० साली जन्मलेल्या या कवीने बॉप या जर्मन पंडिताचं संस्कृत व्याकरण रोमानियनमध्ये उतरवायला घेतलं होतं. आपली संक्रांत बहुधा आदल्या दिवशी, त्यामुळे मी दरवर्षी कवितावाचनाला तिळगूळ घेऊन जाते. ‘गोड बोला’चा अर्थ पहिल्या वर्षी मोडक्यातोडक्या रोमानियनमध्ये सांगितला. आता लोक दारातच हात पुढे करतात.

१९ फेब्रुवारीला ब्रांकुशी दिन. हा शिल्पकार तुझ्या विषयात नसला तरी या दिवशी बोलायची तयारी करून ये, कारण त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी त्याची ‘अवकाशातला पक्षी’ ही तीन शिल्पं घेतली, एक ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं, एक पांढऱ्या. या शिल्पांसाठी एक ध्यानमंदिर उभारायचं ठरलं होतं आणि त्याकरता ब्रांकुशी १९३७-३८च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. हे मी एका चर्चासत्रात पाच मिनिटांत सांगितलं आणि संपल्यावर एक प्राध्यापक होळकर कोण, मराठे इंदूरला कसे, हे विचारत माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आले. पुढे तेच माझे मार्गदर्शक झाले.

१ मार्चला मर्त्सिशोर. लाल-पांढऱ्या पीळदार दोऱ्याला छोटंसं लटकन असतं. वर्गातल्या मुलाने दिलं तर राखी समजून गोंधळू नकोस. इथे मुलगे मैत्रिणींना, बाईंना, आईला सगळ्यांनाच देतात. महिनाभर कपड्यावर लावायचं आणि मग मोहरलेल्या झाडाच्या फांदीला बांधायचं. लगेच ८ मार्च येतो, तेव्हा बाईंना फुलं नेशील. ती विषम संख्येतच ने. सम संख्येची फुलं इथे अंत्यविधीला नेतात. मी चार गुलाब घेतले होते, फुलवालीनेच न बोलता पाचवं त्यात खोचलं.

निव्वळ अभ्यासाचे कार्यक्रमही सोडू नकोस. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी युरोपभर संशोधकांची रात्र असते. लवकर पोचलीस तर प्रयोगशाळा बघायला मिळतील. वसंतात विद्यार्थ्यांची निबंधवाचनाची सत्रं भरतात. पहिल्याच वर्षी नाव दे, दहा मिनिटं बोलायचं असतं. परीक्षेच्या आठवड्यांत मात्र कार्यक्रम बाजूला ठेव. बाबांचं तेवढं म्हणणं मला पटतं.

खाण्याचं सांगते. १ डिसेंबरला मोठ्या पातेल्यात वाफाळती उसळ दिसेल, अगदी राजम्यासारखी. तिच्यात डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नकोस. ‘दे पोस्त’ हे दोन शब्द मात्र आजच पाठ कर. दे पोस्त म्हणजे उपासाचं. पोस्त म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. नाताळआधी १५ नोव्हेंबरपासून हा उपास चालतो, त्यामुळे नेमक्या त्या दिवसांत कोबीच्या पानात भात आणि मशरूम भरलेल्या सारमाले, पांढरा राजमा वाटून केलेला लगदा, वांगी-ढोबळी मिरचीची झाकुस्का हे सहज मिळतं. माझ्या आईची काळजी या दोन शब्दांनी मिटली.

कागदपत्रांचं थोडक्यात: पदवीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, करून घे, शिक्षण मंत्रालयाचं स्वीकृतिपत्र आलं की दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा, आणि इथे आल्यावर व्हिसा संपायच्या किमान ३० दिवस आधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज. ऑक्टोबरातच तो उरकून टाक, म्हणजे नोव्हेंबरच्या तालमी मोकळ्या मनाने करता येतील.

सामानात एक साडी आण, आणि तिच्याआड घालायला गरम कपडे. तीळ इथे मिळतात, चिक्कीचा गूळ मिळत नाही. दोन किलो घेऊन ये, या जानेवारीत लाडू आपण दोघी मिळून वळू.