जुनं रोलर इस्त्री मशीन: प्लग लावण्याआधी

आधी वायरी बघा. वाकवल्यावर रबरी आवरण तडकलं तर वायर पूर्ण बदला. ‘शू’ म्हणजे रोलरवर कपडा दाबणारा तापणारा धातूचा भाग. त्याच्याजवळ उष्णता सोसणारीच वायर हवी, साधी पीव्हीसी तिथे वितळते. मूळ प्लग दोन पिनांचा असल्यास धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्या. शूमागचं तंतुमय अस्तर अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) असू शकतं. ते खरवडू नका.

मोटर गुणगुणते पण रोलर फिरत नाही? मोटरला दोष देण्याआधी गिअरबॉक्स उघडा. बहुतेकदा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. ते पूर्ण काढून नवं भरा.

खरी मेहनत रोलरच्या गादीची. दबलेली गादी काढून सुती थर सारख्या ताणाने गुंडाळा. सिंथेटिक कापड अजिबात नको. मोकळी कड फिरण्याच्या दिशेच्या मागे राहील अशी ठेवा, नाहीतर शू ती उचकटतो. मग थंड मशीनवर शू दाबून दोन्ही टोकांना आणि मध्ये कागदाच्या पट्ट्या अडकवून ओढा. एखादी सहज सुटली तर तिथे दाब कमी आहे आणि कपड्यावर सुरकुती राहणारच.

वीज बंद असताना शू हाताने उचलणारा लिव्हर सुटतो का, हे तपासल्याशिवाय मशीन तापवू नका. बोट अडकलं तर तोच कामाचा.