उलटतपासणी फोनवरून होईल का?

प्रश्न : मी ऐरोलीची, वय ६६. ओळखीच्या गृहस्थांना अडीच लाख उसने दिले होते, त्यांचा चेक वटला नाही. २०२३ साली बेलापूरच्या कोर्टात केस केली. पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मी साताऱ्याला लेकीकडे आहे. वकिलांचे कारकून म्हणतात, 'त्या दिवशी फोन लावतो, स्पीकरवर बोला.' चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, ताई. आणि कारकुनांच्या शब्दावर तारीख सोडू नका.

उलटतपासणीत न्यायाधीश नुसतं ऐकत नाहीत. बोलणाऱ्या तुम्हीच आहात का, शेजारून कुणी उत्तरं पुरवतंय का, हे त्यांना पाहावं लागतं. समोरच्या वकिलांनी चेक पुढे करून 'यावरची तारीख कोणाच्या हातची?' असं विचारलं, तर फोनवर काय बघणार?

व्हिडिओची गोष्ट वेगळी. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात मान्य केलं. त्या खटल्यातला साक्षीदार तर अमेरिकेत होता. मात्र त्यासाठी आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. लेकीच्या दिवाणखान्यातून साक्ष देऊ म्हणालात तर समोरचा वकील हरकत घेणारच. म्हणून अर्जातच सातारा जिल्हा न्यायालयातून साक्ष घेण्याची विनंती करा, म्हणजे तिथला कर्मचारी तुमची ओळख पटवेल. अंथरुणातून उठताच येत नसेल, तर घरी येऊन साक्ष नोंदवायला कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेली व्यक्ती, पाठवण्याची मागणी करता येते.

मला खरी काळजी वाटते ती गैरहजेरीची. तुमची तक्रार २०२३ ची, म्हणजे तिला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू. तिच्या कलम २५६ नुसार पुकारा झाला आणि फिर्यादी नसेल, तर आरोपी त्याच दिवशी निर्दोष सुटू शकतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) फिर्यादीला आधी ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. तुम्हाला ती सवलत मिळेलच असं धरून चालू नका. एकदा तसा आदेश झाला की तेच कोर्ट तो मागे घेऊ शकत नाही, अपिलात जावं लागतं. अडीच लाखांपायी तो व्याप कशाला? वकील हजर असतील तर तुमची गैरहजेरी माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. त्यामुळे व्हिडिओचा अर्ज मंजूर होईपर्यंत प्रत्येक तारखेला, पुकाऱ्याआधी, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह माफीचा अर्ज पडलाच पाहिजे. सर्टिफिकेटवर 'विश्रांतीची गरज' एवढंच नको. किती आठवडे प्रवास वर्ज्य, ते लिहून घ्या.

'यजमानांना मुखत्यारपत्र देऊन उभं करा' असाही सल्ला कुणी देईल. पण मुखत्याराला स्वतःला व्यवहाराची माहिती असेल तरच त्याची साक्ष चालते. शिवाय सरतपासणीचं, म्हणजे आपल्या बाजूने आधी दिलेल्या साक्षीचं, शपथपत्र तुमचं असेल, तर उलटतपासणीही तुमचीच होणार.

आजच वकिलांना, कारकुनांना नव्हे, फोन करा आणि अर्जाची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. केसचा सोळा अंकी सीएनआर नंबरही घ्या. तो ई-कोर्ट्‌सच्या अ‍ॅपवर टाकला की त्या दिवशी काय झालं आणि पुढची तारीख कोणती, हे लेकीलाच बघता येईल.