मणक्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय नीट काम करत नाही; शस्त्रक्रिया केल्यास मुलाची नळी कायमची सुटेल का?

आपण लिहिले आहे की, पाठीवरच्या गाठीचे ऑपरेशन तान्हेपणीच झालेल्या आपल्या सात वर्षांच्या मुलाला आता आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे करण्याचा सल्ला मिळाला आहे आणि त्यानंतर लघवीसाठी नळी टाकणे थांबेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझ्या मुलीला स्पायना बायफिडा (मणक्याचा असाच जन्मजात दोष) असून तिची हीच शस्त्रक्रिया नागपूरला झाली. नळी सुटत नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर ती वेळेवर टाकणे पूर्वीपेक्षाही गरजेचे होते.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः मूत्रपिंडे वाचवण्यासाठी असते. मज्जातंतूंचा निरोप नीट पोहोचत नसल्याने काही मुलांचे मूत्राशय आखडून ताठर होते, आतला दाब वाढतो आणि लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढू लागते. म्हणून युरोडायनॅमिक तपासणीचा (मूत्राशयातला दाब आणि क्षमता मोजणारी तपासणी) अहवाल मागून घ्या आणि त्यात दाब व क्षमता किती लिहिली आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या (अहवालात दाब याच एककात लिहितात) वर राहत असेल तर मूत्रपिंडांना धोका मानतात. क्षमतेचा ढोबळ हिशेब म्हणजे वयात २ मिळवून ३० ने गुणायचे, म्हणजे आपल्या मुलासाठी सुमारे २७० मिलिलिटर. मूत्राशय सैल करणारे ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध, नियमित नळी आणि गरजेप्रमाणे त्याच कामासाठी मूत्राशयात बोटॉक्सचे इंजेक्शन हे उपाय पुरेसे झाले का, हेही विचारा. बोटॉक्सचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि ते पुन्हा द्यावे लागते, तरी माझ्या मते आतड्याला हात लावण्याआधी हे सर्व करून पाहिलेले असावे.

शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा तुकडा उभा उघडून ठिगळासारखा मूत्राशयाला शिवतात. आतडे मात्र आपला स्वभाव सोडत नाही: ते चिकट स्राव सोडतच राहते. आमच्याकडे सुरुवातीला पांढरट धाग्यांनी नळी तुंबायची, तेव्हा सिरिंजने सलाइन आत सोडून ते हळूहळू ओढून घ्यावे लागे. हे धुणे टाळले तर खडे होण्याचा संभव वाढतो, आणि आपल्या विदर्भातील उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले की तो आणखी वाढतो. याशिवाय रक्तातील आम्लता, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक), जीवनसत्त्व बी-१२ आणि सोनोग्राफी यांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

नळीचा त्रास खरोखर हलका झाला तो मित्रोफानॉफ पद्धतीने. फ्रान्समधील शल्यचिकित्सक पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत अपेंडिक्सचा मूत्राशयापर्यंत मार्ग करून त्याचे तोंड बेंबीत किंवा पोटावर काढतात. पूर्वी मुलीला आडवे करून मलाच नळी टाकावी लागे. आता ती खुर्चीत बसूनच फ्रॉक थोडा वर करते, बेंबीतून नळी सरकवते आणि लघवी बाटलीत सोडते. पुढे हे तोंड आकसू शकते, तरीही आपल्या मुलासाठी दोन्ही एकाच वेळी करता येईल का, हे अवश्य विचारा.

होकार देण्यापूर्वी घरातला एक प्रश्न सोडवा: कापूस वेचणीच्या दिवसांत दोघेही शेतात असताना दुपारची नळी कोण टाकणार? आम्ही मुख्याध्यापिकांना भेटून शाळेत आडोशाची जागा आणि हात धुण्याची सोय आधी ठरवून घेतली. नळी निर्जंतुक हातमोज्यांनीच टाकली पाहिजे असे नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी चालते, हे अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. मात्र या मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी होण्याचा धोका अधिक असतो, तेव्हा दवाखान्यात प्रत्येक वेळी ते सांगा.

शस्त्रक्रियेनंतर कधीही पोट फुगले, दुखले, उलट्या किंवा ताप आला, तर गावात गोळ्या घेऊन वाट पाहू नका. जोडलेले मूत्राशय फुटलेले असू शकते आणि मज्जातंतूंच्या दोषामुळे मुलाला वेदना कमी जाणवतात. रात्री असले तरी गाडी करून मोठे रुग्णालय गाठा आणि समोरच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवून मूत्राशयाला आतडे जोडलेले आहे, हे सर्वांत आधी सांगा.