अमेरिकेतल्या भाचरांना दांडेलीचं जंगल आणि पट्टदकलची प्राचीन देवळं दाखवायचीत, बेळगावहून जाताना परदेशी दराचं तिकीट पडेल का?

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) असेल तर नाही. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, स्मारकं इथे ओसीआयधारकांना भारतीयांचाच प्रवेशदर लागतो. पण मूळ कार्ड सोबत हवं. नुसता अमेरिकन पासपोर्ट पुढे केला की खिडकीवरचा माणूस परदेशी दर लावणारच, त्याचं काय चुकलं? ई-व्हिसावर आलेल्यांना सवलत नाही. ही बरोबरी प्रवेश शुल्कापुरती, जीप सफारीचं भाडं वेगळं.

पट्टदकलला फरक जाणवतो: २०१८ च्या दरांप्रमाणे भारतीयांना रोख ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. ऑनलाइन काढलं तर ३५ आणि ५५०. पंधरा वर्षांखालची मुलं फुकट, पासपोर्ट कुठलाही असो.