आधी बसथांबा बघ, मग वाफा

चि. —,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. एकत्र घरं बांधून भाजीची बाग करायला शहराबाहेर वीस किलोमीटरवरची ती मोकळी जमीन तुम्हा बारा कुटुंबांच्या मनात भरली आहे. रान बघितलं की जीव अडकतोच. मला मात्र ती जागा पटलेली नाही.

हिशेब करून बघ. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर धावली, तर २५० कामाच्या दिवसांत जवळजवळ दीड टन. हे एकाच गाडीचं. घरची सगळी भाजी दारात पिकवलीत तरी एवढं वाचायचं नाही.

त्यापेक्षा ट्राम-बस पायी गाठता येईल अशी, शहरातलीच लहान जागा शोधा. ‘मग माती कुठली?’ असं विचारशील. पार्किंगमधली! एक गाडी उभी करायलाच साडेबारा चौरस मीटर लागतात, वळवायची जागा वेगळी. जर्मनीत फ्रायबुर्ग शहराच्या वोबान वस्तीत बऱ्याच इमारती कुटुंबांच्या गटांनीच एकत्र येऊन बांधल्या आहेत. तिथे गाड्या बहुतेक कडेच्या गॅरेजमध्ये राहतात आणि २००६ पासून ट्राम आत येते. बारा कुटुंबांत तीन सामायिक गाड्यांवर भागवलंत तर शंभरेक चौरस मीटर हाताशी येतील, आणि तेवढी बाग निगुतीनं सांभाळणंही सोपं नाही, बरं का.

शहरातल्या मातीत जुन्या रंगाचं आणि पेट्रोलचं शिसं असू शकतं. सौदा करण्याआधी चार-पाच ठिकाणची माती तपासून घ्या. शिसं निघालं तर खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड) अंथरून वर आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करा. गच्चीवर करायचं म्हणाल, तर ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते. ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय एक पोतंही वर चढवू नका. ऊन स्वतः उभं राहून बघ, सकाळी, दुपारी आणि चारला. फळभाज्यांना सहा तास तरी लागतं, पालेभाज्या चारात भागवतात.

माणसांचं म्हणशील तर, डेन्मार्कमध्ये १९७२ साली २७ कुटुंबांनी उभी केलेली सेटेडामेन ही को-हाउसिंगची, म्हणजे घरं ज्याची त्याची पण काही जागा सगळ्यांची अशा राहणीची, पहिली वसाहत मानतात. तिथेही प्रत्येकाचं स्वयंपाकघर स्वतंत्रच होतं, सामायिक घर त्याच्या जोडीला. बागेतही तसंच करा: थोडे वाफे ज्याचे त्याचे, बाकी सगळ्यांचे. सगळंच सामायिक ठेवलंत तर दोघंतिघं राबतात आणि बाकीचे खुडायला येतात. सुट्टीत पाणी कोण घालणार यावरून भांडणं होतात, म्हणून ठिबक आणि टायमर पहिल्याच खर्चात धरा.

पुढच्या बैठकीत जमिनीचा विषय काढूच नका. प्रत्येक घरातलं कोण, रोज कुठे आणि कशानं जातं, तेवढं एका कागदावर लिहून घे आणि मला पाठव. नवा नकाशा त्यानंतर उघडू.

तुझा,
काका