वाचकांचे प्रश्न : ट्रेनिंग मोबाइलवर आलं, पण वेळ कुठून आणायचा?

प्रश्न : ताई, मी आदिवासी भागातल्या उपकेंद्रात एएनएम (बाळंतपण, लसीकरण बघणारी सरकारी नर्स) आहे. मागच्या महिन्यात ग्रुपवर तीन ऑनलाइन कोर्सच्या लिंका आल्या, शेवटची तारीख आणि खाली 'सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट टाका'. दिवसभर लसीकरणाचं सेशन, गृहभेटी, रात्री एंट्र्या. गावात रेंज नाही, टेकडीवरच्या देवळापाशी येते. व्हिडिओ इंग्रजीत, एखादा हिंदीत. शेवटी माझ्या मुलाने माझ्या लॉगिनवरून भराभर क्लिक करून तिन्ही सर्टिफिकेटं काढून दिली. ग्रुपवर साहेबांचा अंगठाही आला. पण मनाला लागून राहिलंय. काय करू?

उत्तर : सिस्टर, मनाला लागलं हेच सांगतं की तुम्हाला शिकायचंय, फक्त शिकायला जागाच ठेवलेली नाही. आळशी आहात किंवा वय झालं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

एसबीएचं, म्हणजे सुरक्षित बाळंतपण करायला शिकवणारं ट्रेनिंग आठवतंय ना? २१ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात, शिकवणाऱ्या सिस्टरच्या नजरेखाली स्वतःच्या हाताने बाळंतपणं करायची, आणि तेवढे दिवस उपकेंद्राचं काम दुसऱ्या कुणाकडे, निदान कागदावर तरी. ट्रेनिंग म्हणजे ड्युटी हे सगळ्यांना मान्य होतं. २०२० मध्ये कोविड आला, माणसं एकत्र बसवायची सोय राहिली नाही म्हणून सगळं ऑनलाइन गेलं, तेव्हा ते बरोबरच होतं, पण नंतर बरंच तसंच चालू राहिलं आणि ट्रेनिंगचे तास ड्युटीतून निघून तुमच्या स्वयंपाकाच्या आणि झोपेच्या वेळेत जाऊन बसले. माझ्या मते खरी अडचण ही आहे, नेटवर्क वगैरे त्याच्यानंतर. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा नियम, ते ३,००० लोक पाड्यापाड्यांत विखुरलेले, वर आरसीएचच्या म्हणजे माता-बालकांच्या नोंदी, यू-विनवर लसीकरणाच्या, आणि एनसीडीची म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांची माहिती. अशा बाईला रात्री दहाला एक तासाचा व्हिडिओ बघ म्हणणं अन्याय आहे.

म्हणून पहिलं काम, एमओ साहेबांना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज द्या. तोंडी नको, आणि एकटीने नको, पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) सगळ्या सिस्टरांच्या सह्या घ्या. मागणी एवढीच की महिन्याच्या मीटिंगच्या दिवशी दोन तास ट्रेनिंगसाठी राखून ठेवा, पीएचसीच्या नेटवर, आणि ते ड्युटीत धरा. अर्जाची एक प्रत टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ऑफिसला, आणि पोच घ्यायला विसरू नका. ज्या पीएचसीत हे झालं तिथे झालंय ते एकीने मागितल्यामुळे.

दुसरं, मुलाने केलेले तिन्ही कोर्स पुन्हा करत बसू नका. त्यातला बाळंतपणाशी थेट संबंध असलेला एकच निवडा आणि तो स्वतः करा, बाळंतिणीच्या रक्तस्रावाचा किंवा न रडणाऱ्या बाळाचा. रेंजसाठी सेफ डिलिव्हरी ॲप बघा, डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनने केलंय, फुकट आहे, हिंदीत आहे, आणि पीएचसीत बसून एकदा डाउनलोड केलं की नंतर नेट लागत नाही. ॲनिमेशन असल्यामुळे भाषा थोडी अडली तरी हात कुठे ठेवायचा ते दिसतं. मराठीत मात्र आपल्याला साहित्य मिळायलाच हवं, हे अर्जात लिहा. वार अडकली, पिशवी आकसत नाही, झटके आले, हे शब्द आपण रोज वापरतो, मग शिकताना इंग्रजीच का?

आणि नुसतं बघून हात बसत नाही. मी ट्यूटर होते तेव्हाची एक मीटिंग सांगते. बाळाच्या पुनरुज्जीवनाचं सर्टिफिकेट असलेल्या अकरा जणी होत्या, टेबलावर बाहुली ठेवली आणि म्हटलं, हिला श्वास द्या. पहिल्या सिस्टरने मास्क बरोबर नाकातोंडावर ठेवला, बॅग दाबली, पण हवा फुस्स करून कडेने निघाली, बाहुलीची छाती हललीच नाही. व्हिडिओत तिने तो भाग पाहिला होता. मी तिचा अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर गोल बसवलं, उरलेली तीन बोटं जबड्याखाली, डोकं किंचित मागे, आणि परत दाबायला लावलं, तशी छाती वर आली. 'अगं बाई, एवढंच होतं!' म्हणाली आणि डोळे भरून आले तिचे, कारण मागच्या वर्षीचं एक बाळ तिला आठवलं होतं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास सुरू करायचा असतो, मिनिटाला ४० ते ६०, तेव्हा मोबाइल उघडून बघायला वेळ नसतो. पीएचसीत बाहुली आणि ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची बॅग) असेल, कपाटात कुलूपबंद असेल तर किल्ली मागा, मीटिंगच्या दिवशी प्रत्येकीने दहा मिनिटं करायचं.

रक्तस्रावाचंही तसंच. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांमधला ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, मापं लिहिलेला, रक्त साठवणारा प्लास्टिकचा ड्रेप (कापडासारखा) बाळंतिणीच्या खाली घालून रक्त अंदाजाने न सांगता मोजायचं आणि पिशवीचा मसाज, औषधं, सलाइन सगळं एकदमच सुरू करायचं, त्याने गंभीर रक्तस्राव खूप कमी झाला. तिथल्या नर्सना हे त्यांच्याच हॉस्पिटलात, सराव करून शिकवलं होतं. व्हिडिओ नक्की बघा, पण मैत्रिणीला खाटेवर झोपवून हे सगळं एकदा तरी करून बघा.

प्रश्न : मी पुण्यात खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, नाईट जास्त लागतात. नर्सच्या रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला शिक्षणाचे ठरावीक तास लागतात म्हणून वेबिनार करते, फी माझ्याच खिशातून. नाईट करून आल्यावर सकाळी दहाचा वेबिनार, डोळे मिटतात. इन्चार्ज म्हणतात तुमचं तुम्ही बघा.

उत्तर : इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब ५ वर्षांत १५० तासांचा आहे, म्हणजे वर्षाला ३०, महिन्याला अडीच तास. बायका हे शेवटच्या वर्षात कोंबतात आणि मग मिळेल त्या वेबिनारला पैसे भरतात, तुम्ही आत्ताच तासांच्या हिशोबाची वही घाला. पैसे भरायच्या आधी एक गोष्ट बघा, त्या कार्यक्रमाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि तास किती, ते जाहिरातीत छापलंय का. छापलं नसेल तर फोन करून विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या. नुसतं 'सर्टिफिकेट मिळेल' याला अर्थ नाही. 'घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग' असल्या जाहिरातींपासून तर चार हात लांबच राहा, वॉर्डात हात न घालता नर्स होत नाही.

हॉस्पिटलला मात्र सोडू नका. नर्सिंग सुपरिटेंडेंटना सांगा की शिकलेल्या नर्सचा फायदा हॉस्पिटललाच आहे, ॲक्रेडिटेशनच्या (हॉस्पिटलच्या दर्जाच्या तपासणीच्या) वेळी स्टाफच्या ट्रेनिंगच्या नोंदी तेच पुढे करतात. मग फी आणि वेळ त्यांनी का देऊ नये? किमान ड्युटी रोस्टर लागतानाच वेबिनारची तारीख कळवा, म्हणजे आदल्या रात्री नाईट लागणार नाही. झोपेत ऐकलेलं औषधाचं प्रमाण न ऐकलेलं बरं.

प्रश्न : मी ५३ वर्षांची, एलएचव्ही (एएनएमच्या कामावर देखरेख करणारी). ओटीपी, पासवर्ड यातच माझा तास जातो. तरुण मुलींना विचारायची लाज वाटते.

उत्तर : ताई, हजार बाळंतपणं केलेल्या बाईने पासवर्डची लाज बाळगायची? मुळीच नाही. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा, नंबर बदलला असेल तर आधी ऑफिसात तो नवीन करून घ्या, कारण ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतो. आणि एखाद्या तरुण सिस्टरशी अदलाबदल करा, ती तुम्हाला लॉगिन शिकवेल, तुम्ही तिला पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे का ते ओळखायला शिकवा. येत्या मीटिंगलाच सुरू करा.